३२ जणांना हरिश्चंद्रगडावर न्यायचंय, नियम कोणते करावेत?

प्रश्न असा आहे: "सोलापूरहून आमच्या सोसायटीतले ३२ जण, त्यात ८ मुलं, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं म्हणतोय. आपल्यामुळे गडाची नासधूस होऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं. सगळ्यांनी पाळायचे दहा-बारा नियम सांगा, छापून वाटतो."

यादी देणं अवघड नाही. कचरा टाकू नका, शेकोटी पेटवू नका, पाण्यात साबण वापरू नका, वाट सोडू नका. ही यादी बहुतेक गडांच्या पायथ्याला पाटीवर लिहिलेली असते आणि त्या पाटीखालीच पाकिटं पडलेली दिसतात. वाचणाऱ्यांना कळत नाही असं मुळीच नाही. गारठलेला माणूस शेकोटी पेटवतो, उशीर झालेला आडवाट धरतो, ज्याच्याकडे पिशवी नाही तो पाकीट कपारीत खोचतो. नियम मोडतो तो अशी काहीतरी नड असते म्हणून, आणि ती नड भागवण्याची सोय गडावर होत नाही, ती घरी पिशवी भरतानाच करावी लागते. म्हणून नियम सांगताना त्यांच्यासोबत सोलापुरातच काय तयारी करायची तेही लिहितो.

आधी परवानगीचं. हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्यामुळे इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्यातल्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कचरा टाकणं आणि प्राण्यांना छेडणं गुन्हा आहे, तर कलम ३० प्रमाणे जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं गुन्हा आहे. मुक्काम करता येईल का, तंबू कुठे लावायचे, कड्याच्या किती जवळ जाऊ देतात, हे मात्र वेळोवेळी बदलतं. गर्दीच्या तारखांना जास्त कडक असतं, गवत वाळलं की आणखी. मागच्या वर्षी कोणीतरी राहून आलं एवढ्यावर बेत आखू नका. निघायच्या आठवड्यात वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून विचारा आणि मुक्कामाला नाही म्हणाले तर पायथ्याच्या पाचनई गावात घरगुती मुक्काम करून गड एका दिवसात करा. आठ मुलं बरोबर आहेत म्हटल्यावर मला तर हाच बेत जास्त बरा वाटतो. पाचनईची वाट इतर वाटांपेक्षा सोपी आहे. मुलांना घेऊन चढायला तीन तास धरा.

आता तारीख आणि माणसं. डिसेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट निवड. त्या दोन दिवसांत गडावर इतकी माणसं असतात की तुमचे ३२ जण कितीही शहाण्यासारखे वागले तरी तंबूला जागा गवतात पाय रोवूनच काढावी लागते आणि शौचाला आडोसा पाण्याजवळच मिळतो. गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, उरकल्यावर, २६ जानेवारीची सुट्टी टाळून निघा. शनिवार-रविवार सोडता येत असेल तर फारच चांगलं. तारीख हलवता येत नसेल तर माणसं वाटा. ११, ११ आणि १० असे तीन गट करा, दोन गटांमध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवा, प्रत्येक गटात पुढे एक आणि शेवटी एक जाणता माणूस द्या. ३२ जण एका रांगेत निघाले की पुढचे थांबतात तिथे मागचे येऊन साचतात, वाटेवर मावत नाहीत, मग दोन्ही बाजूंचं गवत तुडवून बसतात. दहा जणांचा गट मात्र एका कातळावर बसून पाणी पिऊन उठतो, मागे खूणही राहत नाही.

कचऱ्याचा हिशोब करून बघा. प्रत्येकाने फक्त सहा पाकिटं आणि पाण्याच्या दोन विकतच्या बाटल्या आणल्या तरी १९२ पाकिटं आणि ६४ बाटल्या गडावर जातात. त्यातली नव्वद टक्के परत आणली तरी पंचवीसएक वस्तू वर राहतातच. म्हणून वेष्टन सोलापुरातच काढायचं. बिस्किटं, चिवडा, सुकामेवा घरी पाकिटातून काढून डब्यात भरा. चहा, साखर, दूध पावडर यांचं मोजून एकत्र मिश्रण करा. पाणी घरच्या बाटल्यांतून न्या, माणशी तीन लिटर.

याबाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे प्रवासाचंच जेवण आहे. कडक भाकरी सुती फडक्यात गुंडाळून चपट्या डब्यात ठेवली की तुटत नाही, चटणी महिनाभरही टिकते, शिजवायला काही लागत नाही आणि प्लास्टिकचा तुकडा निघत नाही. पहिल्या दिवशी दुपारी धपाटे, रात्री कडक भाकरी, चटणी, कांदा आणि गूळ, सकाळी पुन्हा भाकरी आणि चहा. माणशी पाच भाकरी धरा. गडावर आणि पायथ्याला पाचनईची मंडळी पिठलं-भाकरी करून देतात. रात्री ते घ्यायचं ठरवलं तर नक्की आकडा आधी कळवा, म्हणजे त्यांना सामान मोजून वर आणता येतं आणि अन्न वाया जात नाही. तो पैसा गावातच राहतो, याचाही विचार करा.

डोळ्यांतून सुटतो तो पाकिटाचा कोपरा. चॉकलेट, शाम्पू, सुपारी, सूप, कशाचंही पाकीट फाडताना दाताने किंवा बोटाने एक नखाएवढा तिकोनी तुकडा निघतो आणि तिथेच गळून पडतो. पाकीट खिशात जातं, तुकडा राहतो. वाटेवर वाकून वेचायला लागलात की मोठ्या बाटल्यांपेक्षा हे चमकते तिकोनच जास्त सापडतात, मातीत अर्धे गाडलेले. मुलांना हे एकदा दाखवा: कोपरा पूर्ण फाडायचा नाही, अर्धवट चिरून वाकवायचा. मुलं हे मोठ्यांपेक्षा पक्कं लक्षात ठेवतात. संत्र्याची आणि केळ्याची सालंही परत आणायची. "कुजून जाईल" हे शेतात खरं आहे, हिवाळ्यात कोरड्या उघड्या कातळावर साल कुजत नाही, वाळून चामड्यासारखी होते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. तिच्या वासाने माकडं येतात. एकदा माकडाला माणसाजवळ खायला मिळतं हे कळलं की ते पुढच्या गटाच्या मुलाच्या हातातली पिशवी ओढतं.

प्रत्येक गटाला गव्हाचं एक रिकामं पोतं सुक्या कचऱ्यासाठी आणि घट्ट झाकणाचा एक डबा ओल्यासाठी द्या. पाचनईत चढण्याआधी गटातल्या पाकिटांचा आणि बाटल्यांचा आकडा कागदावर लिहा, उतरल्यावर जुळवा. आणि हे पोतं पाचनईत सोडायचं नाही. डोंगरातल्या लहान गावात कचरा उचलायला रोज गाडी येत नाही. तिथे टाकलेलं प्लास्टिक शेवटी जाळलं जातं किंवा ओढ्यात जातं. पोतं बसच्या डिकीत टाकून सोलापूरला आणा आणि घंटागाडीत द्या.

शेकोटीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण याच एका गोष्टीवर बहुतेक गटांचं घोडं अडतं. डिसेंबर-जानेवारीत गडावरचं गवत पिवळंधमक वाळलेलं असतं. वाऱ्याच्या एका झोतात ठिणगी दहा फूट जाते. वणवा उताराच्या वरच्या अंगाला धावतो, आणि वर बहुतेकदा माणसांचे तंबू असतात. वणवा लागला नाही तरी नुकसान होतंच. खडकावरची माती बोटभर-चार बोटं जाडीची असते, तिच्यावर जाळ केला की तिच्यातलं बी आणि मुळं भाजून निघतात आणि पुढचे कित्येक पावसाळे तिथे काळा गोल राहतो. वाळकी फांदीसुद्धा फुकटची नसते, तिच्या सालीखाली किडे, पाली, विंचू राहतात आणि तीच कुजून त्या बोटभर मातीत भर घालते. कोणीतरी आधी केलेली राख दिसली म्हणून तिथे आपण पेटवावं हेही बरोबर नाही. विडी-सिगारेट ओढणारे असतील तर थोटकं ठेवायला छोटी पत्र्याची डबी द्या, पायाने चिरडलेलं थोटूक विझलेलं असतंच असं नाही.

पण "शेकोटी नाही" एवढंच सांगून भागणार नाही. सोलापूरच्या हवेत वाढलेल्या माणसाला गडावरची रात्र जड जाते. पारा दहाच्या खाली उतरू शकतो, वरून वारा. अशा वेळी घरून आणलेली सोलापुरी चादर अंगावर घेऊन माणूस उघड्यावर बसतो. चादर सुती, दव प्यायली की जड होते, मग ऊब देत नाही आणि सकाळी दहापर्यंत वाळत नाही. अकरा वाजता तोच माणूस काटक्या गोळा करायला उठतो. म्हणून प्रत्येकाला हे सांगा: वर पोचल्याबरोबर घामाचा बनियन-टीशर्ट बदलायचा, कानटोपी घालायची, झोपण्यासाठी कोरडे मोजे वेगळे ठेवायचे. थंडी वरून लागते त्याहून जास्त अंगाखालच्या खडकातून लागते, म्हणून फोमची मॅट सक्तीची. स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते, ती घ्या. चादर न्यायचीच तर तंबूच्या आत, मॅटवर दुहेरी घडी घालून अंथरायला. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवलं तर मुलं रात्रभर उठत नाहीत. जेवण साडेसातला आटपा आणि त्यात तेल-गूळ असू द्या. एवढं केलं की शेकोटीची आठवणही येत नाही.

चहासाठी गॅसची शेगडी. ३२ जणांचा एक चहा म्हणजे चार लिटर पाणी. दोन चहा आणि एक सूप धरलं तर बारा लिटर. २३० ग्रॅमचा एक डबा वाऱ्यात साधारण दहा लिटर पाणी उकळतो, तेव्हा दोन डबे आणि एक जादा, असे तीन न्या. शेगडी उघड्या कातळावर ठेवा, सभोवती दोन मीटर गवत नको. वाऱ्याला आडोसा एकाच बाजूने करा. डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चारही बाजूंनी पत्रा किंवा दगड लावले तर उष्णता खाली डब्याकडे वळते आणि डबा फुटू शकतो. मध्येच डब्याला हात लावून बघा, गरम लागला तर लगेच बंद करा.

आता ज्याबद्दल कोणी उघड बोलत नाही ते. रात्रभर बसमध्ये बसून टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले असं करत ३२ माणसं पहाटे पायथ्याला उतरतात तेव्हा सगळ्यांना एकदमच जायचं असतं. तेव्हा सोय नसेल तर गावाच्या ओढ्याकाठीच सगळे पांगतात. म्हणून पाचनईत ज्यांच्याकडे चहा-नाश्ता सांगाल त्यांच्याशी संडास वापरण्याचंही आधीच ठरवा, माणशी वेगळे पैसे द्या आणि त्यासाठी तासभर राखून ठेवा. घाई केलीत तर तीच माणसं वाटेत थांबतील.

गडावर मुक्काम झालाच तर खड्डा करून जायचं. गटामागे एक खुरपं न्या. पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूंपासून शंभर पावलं लांब, खड्डा वीतभर खोल, वरची माती बाजूला काढून नंतर तीच परत दाबायची. खोली जास्तही नको, कारण कुजवणारे जीव वरच्या थरात असतात. अडचण ही की माथ्यावर बहुतेक ठिकाणी वीतभर मातीच नाही, खुरपं दोन बोटांवर खडकाला लागतं. झाडांखाली, उताराच्या पोटात माती साचलेली असते तिथे शोधा, आणि जागा अंधार पडायच्या आत बघून ठेवा. आपण पाणी वापरतो हे चांगलंच आहे, कागदाचा प्रश्न येत नाही. अर्धा लिटर पुरतं, धुणंही त्या खड्ड्यावरच. ओले वाइप्स मात्र आणू नका. बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत. सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर पुरायचे नाहीत, जनावरं उकरून काढतात. वर्तमानपत्रात गुंडाळून गडद रंगाच्या झिप पाउचमध्ये, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून, परत आणायचे. हे बायकांना सांगायला गटातली एखादी ताई-वहिनी नेमा आणि निघायच्या आधीच सांगा. वर गेल्यावर संकोचाने कोणी विचारत नाही.

पाण्याचं कारण समजून घेतलं की नियम आपोआप पाळला जातो. गडावरची टाकी खडकात खोदलेली आहेत. नदीसारखं त्यांतून पाणी वाहून जात नाही. जानेवारीत पडलेला साबण पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतो, आणि उन्हाळ्यात तेच पाणी वाटसरू, गुरं आणि रानातली जनावरं पितात. टाक्यात भांडं बुडवण्याआधी ते स्वच्छ आहे ना बघा, पाणी काढून शंभर पावलं लांब जाऊन हात धुवा. पिण्याचं पाणी उकळून किंवा गाळणीच्या बाटलीतूनच. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती गार पाणी असतं, चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तिथे दर्शन घ्या, पण अंगाला लावलेलं क्रीम-तेल घेऊन त्या पाण्यात उतरू नका. फुलं-नारळ वाहिलंत तर निर्माल्य परत तुमच्या डब्यात. खांबांवर, लेण्यांच्या भिंतींवर खडू-कोळसा काही नाही.

वाटेबद्दल एकच गोष्ट सांगतो. वळणाची वाट सोडून सरळ चढलात तर दहा पावलं वाचतात, पण तुमच्या बुटांनी गवत निघालेल्या त्या पट्ट्यातून पावसाळ्यात पाणी उतरतं, तीन-चार पावसाळ्यांत तिथे गुडघाभर घळ पडते आणि मूळ वाटही तुटते. चिखल दिसला तरी मधूनच जा. कडेकडेने गेल्याने वाट दुप्पट रुंद होते. नान्नजच्या माळरानावर गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत खडा होऊन पडलेली असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. गडाचा माथाही असाच आहे, रिकामा वाटतो पण नसतो. तंबूसाठी दगड हलवलात तर उठताना होते तसे परत ठेवा. तंबूभोवती चर खणू नका. दगडांवर दगड रचून मनोरे करणं मुलांना आवडतं, तेही नको. धुक्यात माणसं त्यांना वाटेची खूण समजून भलतीकडे जातात.

गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्याला कडेपासून दहा पावलांवर सगळ्यांना बसवा. मुलांचा हात मोठ्यांच्या हातात. कड्यावरून दगड, बाटली काहीही खाली सोडायचं नाही. खाली आरोहक असू शकतात, आणि कड्याच्या कपारीत अडकलेली वस्तू दोराशिवाय काढता येत नाही. दुसरं, अशा कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, तीव्र अत्तर, आरडाओरडा आणि दगड यांनी ती उठतात. त्या दिवशी अत्तर-डिओ कोणी लावू नये, स्पीकर तर सोलापुरातच ठेवा. माशा उठल्याच तर हात झटकू नका. चेंगरलेल्या माशीच्या आणि नांगीच्या वासाने बाकीच्या त्याच माणसाकडे येतात. डोकं-तोंड कपड्याने झाकून, कड्याच्या उलट दिशेला, मोहोळापासून लांब पळायचं आणि लांब गेल्यावरच थांबायचं. नांग्या नखाने खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा अंगभर चावे असले तर वाट न बघता खाली दवाखान्यात.

शेवटची गोष्ट बसची. तुम्ही वर असताना ड्रायव्हर आणि क्लीनर दीड दिवस पाचनईत असतात आणि त्यांना हे काहीच सांगितलेलं नसतं. बस ओढ्यात धुतली जाते, रात्री टेप लावला जातो, सीटखालचा कचरा झाडून रस्त्याकडेला लोटला जातो. त्यांच्या जेवणाची आणि झोपायची सोय गावात करा, एक पोतं त्यांनाही द्या आणि गाडी धुवायची ती सोलापूरला पोचल्यावर, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या.